फोटो मोठा करणे म्हणजे काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय आमच्या रोजच्या हातचे आहेत, आणि त्यांवर बोलण्याची संधी आम्हांला वर्षभर मिळतच असते. बहुधा कारखान्याच्या दारात, भर उन्हात, समोर पोलिसांची गाडी उभी असताना. येथे पंखा आहे, पाण्याचा पेला आहे आणि ऐकणारी मंडळी स्वखुशीने आलेली आहेत. तेव्हा आज जरा निराळा विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. मोबाइलमधला लहानसा फोटो छापण्यासाठी मोठा करतात, तो कसा करतात, आणि त्यात मूळचे किती राहते, हा तो विषय.

हा विषय फोटोवाल्याचा, युनियनवाल्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध दुहेरी आहे. आम्ही शाळा नववीत सोडली आणि सोळाव्या वर्षी छापखान्यात लागलो. खिळ्यांच्या छपाईचा तो अखेरचा काळ. जुळारी म्हणून उभे राहिलो, आणि जे काही शिकलो ते तपासलेली प्रुफे वाचून व रात्री नगर वाचनालयात बसून शिकलो. हा एक संबंध. दुसरा असा की, कोणत्याही कामगार संघटनेच्या कचेरीत पगारवाढीच्या मागणीपत्राखालोखाल जर कशाची धावपळ चालत असेल तर ती छपाईची. हस्तपत्रक, स्मरणिका, अधिवेशनाचा फलक आणि दुर्दैवाने शोकसभेचा फलक. ह्या प्रत्येकाला फोटो लागतो, आणि तो नेहमी लहान असतो.

आधी छापलेला फोटो म्हणजे काय ते पाहू. छापखान्यात काळी शाई एकच असते. राखाडी छटा शाईत नसते. मग गालावरची सावली छापायची कशी? त्यासाठी फोटोचे ठिपके करतात. जेथे उजेड तेथे बारीक ठिपका, जेथे अंधार तेथे मोठा ठिपका, आणि दुरून पाहणारा डोळा ते एकमेकांत मिसळून सावली तयार करतो. ह्याला हाफटोन म्हणतात. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' ह्या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी ह्या पद्धतीने एक फोटो छापला, आणि तो होता त्या शहरातल्या झोपड्यांच्या वस्तीचा. हाफटोनच्या इतिहासात प्रारंभीच गरिबांची वस्ती यावी ही गोष्ट आम्हांला फार आवडते. आपल्या देशात कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, ह्यांनी हाफटोनवर इतके मूलगामी काम केले की त्यांचे लेख विलायतेच्या 'पेनरोज' वार्षिकात छापले जात. आणि आपले दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन येण्यापूर्वी ब्लॉकचा आणि छपाईचाच धंदा करीत होते.

आमच्या छापखान्यात ब्लॉक मोठ्या शहरातून एस.टी.च्या पार्सलने येई. जस्ताचा पातळ पत्रा, लाकडाच्या ठोकळ्यावर चुका मारून बसविलेला. भिंगाखाली धरला की पुढाऱ्याचे नाक नाहीसे होऊन नुसते ठिपके दिसत. त्या काळी कोणीही गिऱ्हाईक आम्हांला असे म्हणाले नाही की, हा दोन इंचांचा ब्लॉक सहा इंचांचा करून द्या. वस्तू हातात होती. तिची मर्यादा बोटाला लागत होती.

आता संगणकाचा फोटो. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श ह्या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रात घातला. यंत्राने त्याच्या आडव्या १७६ आणि उभ्या १७६ चौकटी पाडल्या आणि प्रत्येक चौकटीत किती उजेड आहे तो आकडा लिहून घेतला. एकूण चौकटी ३०,९७६. तोच पिक्सेल. आम्ही त्याला येथे ठिपकाच म्हणू. म्हातारपणी किर्शसाहेबांना स्वतःचा हा चौकोन बोचू लागला आणि निरनिराळ्या आकारांचे ठिपके वापरून पाहण्याचा उद्योग त्यांनी केला. पण तोवर सारे जग चौकोनी होऊन बसले होते. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये असे लाखो ठिपके असतात, एवढाच फरक. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा, रंगीत असेल तर तीन आकडे. त्या आकड्याच्या आत आणखी काही नाही.

ही शेवटची गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या मनात अजून नेगेटिव्ह बसलेली आहे. जुन्या फोटोवाल्यांच्या काचेच्या मोठ्या प्लेटवर जे उमटे, त्यातले थोडेच हातातल्या लहान प्रतीत दिसे. शाळेच्या गटाचा जुना फोटो एन्लार्जरखाली धरला तर मास्तरांच्या कोटाची बटणे मोजता येत. तपशील आधीच प्लेटमध्ये होता; मोठा केल्यावर तो बाहेर आला. म्हणून 'मोठा केला की जास्त दिसते' हा समज रूढ झाला. त्यालाही सीमा होतीच. आंतोनियोनी ह्या इटालियन दिग्दर्शकाचा १९६६ सालचा 'ब्लो-अप' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: बागेतल्या फोटोत खून दिसतो की काय म्हणून नायक तो मोठा करीत जातो, करीत जातो, आणि अखेर चांदीच्या कणांचा नुसता चिवडा उरतो. तो कण जिथे आला तिथे नेगेटिव्ह संपली. मोबाइलच्या फोटोत हा शेवट पहिल्या पावलालाच येऊ शकतो, कारण फोटो हातात येईपर्यंत कुणीतरी त्याला आधीच लहान करून ठेवलेले असते.

लहान करणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या धंद्यातले उदाहरण देऊन सांगतो. समजा एका खात्यात चार कामगार आहेत. एकाला महिना ८ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला १२ हजार आणि मुकादमाला ३० हजार. मालक वाटाघाटीला बसतो आणि सांगतो, आमच्याकडे सरासरी पगार १५ हजार आहे. ते खोटे नाही. बेरीज ६० हजार, भागिले चार, पंधरा. परंतु आता तुम्ही मूळ पगारपत्रक फाडून टाकलेत आणि केवळ तो पंधराचा आकडा आमच्या हातात दिलात, तर त्यावरून चौघांचे चार पगार आम्ही सांगू शकू काय? चौघांनाही पंधराच मिळत असतील. तिघांना पाच आणि एकाला पंचेचाळीस मिळत असतील. त्या एका आकड्यात मावणारी पगारपत्रके अगणित आहेत. फोटो लहान करणे म्हणजे चार ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका ठेवणे, आणि मोठा करणे म्हणजे त्या सरासरीवरून फाडलेले पगारपत्रक पुन्हा लिहिणे. लिहिता येते, कागदही भरतो. ते खरे आहे की नाही, एवढाच प्रश्न राहतो.

थोडे अंकगणित करू. छापखानेवाला तुमच्याकडे '३०० डीपीआय' मागतो, म्हणजे कागदाच्या एका इंचात तीनशे ठिपके. हा आकडा मुख्यतः आपल्या डोळ्यावरून आला आहे. निरोगी डोळ्याला एक फुटावरून इंचात सुमारे तीनशेपर्यंत ठिपके वेगळे ओळखता येतात, त्यापलीकडे नाही. पुस्तक आपण साधारण तेवढ्यावर धरतो. हाच डोळा दहा फुटांवर गेला की इंचाला तीस ठिपके पुरतात, तीस फुटांवर दहा. म्हणून चौकातला फलक इंचाला थोड्या ठिपक्यांवर छापूनही चांगला दिसतो आणि तोच फोटो पुस्तकात फुटका दिसतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठविलेला फोटो लांबीला साधारण १६०० ठिपक्यांपर्यंत उरतो. त्याला तीनशेने भागा: सव्वापाच इंच. पुस्तकात एवढाच मोठा छापा. चार फुटी फलकावर तोच फोटो इंचाला तेहतीस ठिपके देईल, आणि दहा फुटांवरून कोणाची तक्रार येणार नाही. येथपर्यंत सारे ठीक आहे. अडचण येते ती तो फोटो चाळीस माणसांचा असतो आणि आपल्याला त्यातला एकच माणूस हवा असतो तेव्हा. त्याच्या वाट्याला आडवे चाळीस ठिपके आलेले असतात. तो चेहरा दोन फूट रुंद करायचा तर एकेक ठिपका अर्ध्या इंचाहून मोठा होईल. ती बाथरूमची फरशी झाली, चेहरा नव्हे.

मग संगणकावरचा मुलगा म्हणतो, काळजी नको, मी ७२ चे ३०० करून देतो. नुसता आकडा बदलला तर काहीही होत नाही. हेल्पर ह्या पदाचे नाव 'असोसिएट' केल्याने पगार वाढत नाही, तशातलाच हा प्रकार. खरोखर ठिपके वाढवायचे असतील तर नवे ठिपके कुठून तरी आणावे लागतात. लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट; चौपट केली की सोळापट. जुन्या नाण्यांचा हिशेब ज्यांना आठवतो त्यांच्यासाठी सांगतो: चौपट मोठ्या केलेल्या फोटोत रुपयातला एक आणा मूळचा असतो, पंधरा आणे उसने.

हे पंधरा आणे आणायची जुनी रीत साधी आणि सज्जन होती. दोन ठिपक्यांच्या मध्ये नवा ठिपका बसवायचा आणि त्याला शेजाऱ्यांच्या मधला रंग द्यायचा. कोणी शेजारचे चार ठिपके विचारात घेतो, कोणी सोळा. ह्या रीतीने फोटो मऊ, धुकट होतो. त्या धुक्यात प्रामाणिकपणा होता, हे आम्हांला पुढे कळले. पाहणाऱ्याला लगेच समजे की येथे माहिती कमी आहे.

फोटो लहान कसे होतात ह्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सगळेच काही लहान जन्मत नाहीत. मोबाइलने काढलेला मूळ फोटो बहुधा चांगला मोठा असतो. तो एकाने दुसऱ्याला पाठविला, त्याने पडद्याचे चित्र काढून तिसऱ्याला पाठविले, तिसऱ्याने त्यावर फुलांचा हार आणि सुप्रभात चिकटविले, असे करीत करीत त्याचा चोथा होतो. शिवाय फाइल हलकी करण्यासाठी जेपेग नावाची जी पद्धत १९९२ सालापासून रूढ आहे ती आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या लाद्या पाडून काटछाट करते; फोटो मोठा केला की त्या लाद्या गालावर उठून दिसतात. हा झाला आपला निष्काळजीपणा. पण काही काटछाट वरून लादलेली असते. नोकरभरतीच्या कित्येक अर्जांत फोटो २० ते ५० केबीच्या आतच चढवा असा दंडक असतो. आमच्या सभासदांपैकी पुष्कळांनी आयुष्यात हौसेने फोटो काढून घेतलेला नाही. त्यांचे जे काही चित्र आहे ते आधार कार्डावर, गेटपासवर आणि अशा अर्जावर, तिन्ही ठिकाणी नखाएवढे. सुखवस्तू घरात लग्नाचे अल्बम असतात, स्टुडिओत काढलेले फोटो असतात. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा मनुष्य मेला की घरचे लोक आधार कार्डाची रंगीत झेरॉक्स घेऊन येतात आणि म्हणतात, ह्याचा मोठा फोटो करा. पुढे जे सांगायचे आहे त्याच्या मुळाशी ही विषमता आहे. ज्याचा मूळ फोटो सर्वांत लहान, त्याच्याच फोटोत सर्वांत जास्त उसने आणे पडतात.

लहानाचे मोठे करणारी एक कला आपल्याकडे होती, आणि तिच्याबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. ती फलक रंगविणाऱ्या पेंटरांची. पासपोर्ट फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी दहा फुटी कापडावर खडूने आखायच्या, आणि एकेक घर उतरवीत जायचे. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीतच मकबूल फिदा हुसेन ह्यांनी उमेदवारी केली. आमच्या लहानपणी गावातल्या पेंटरकडे दिवंगताचा फोटो नेला की तो आधी घरच्यांना दहा प्रश्न विचारी. केस मागे वळवीत होते का? रंग निमगोरा की सावळा? टोपी कशी घालत? म्हणजे जे फोटोत नव्हते ते तो माणसांना विचारून भरी, आणि उरलेले स्वतःच्या कल्पनेने. शेवटी खाली कोपऱ्यात सही करी. ती सही फार महत्त्वाची. हे चित्र आहे, मी काढलेले आहे, असे ती सही सांगे. फ्लेक्सने ह्या पेंटरांची पोटे मारली. त्यांची संघटना बांधावी असे मनात येईपर्यंत ते पांगलेही होते.

आता नवे यंत्र काय करते ते ऐका. २०१४ साली हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाला उदाहरणांवरून शिकवून फोटो मोठे करण्याची रीत मांडली, आणि पुढच्या दहा वर्षांत ती मोबाइलपर्यंत पोचली. शिकविणे असे: एक मोठा, स्वच्छ फोटो घ्यायचा. तो मुद्दाम लहान करायचा. यंत्राला म्हणायचे, मूळ कसे असेल ते सांग. चुकले की सुधारायचे. असे लाखो वेळा. मग यंत्राला सवय होते: डोळ्याच्या जागी असा काळसर डाग असला की तिथे पापण्या असतात, हनुवटीखाली असा पट्टा असला की कॉलर असते. हे काम चलाख आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ते आठवण नव्हे, अंदाज आहे. आणि अंदाज ज्या चेहऱ्यांवर शिकविला त्यांच्याकडेच झुकतो.

२०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आडव्या १६ आणि उभ्या १६ ठिपक्यांच्या चेहऱ्यापासून ती १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा लखलखीत चेहरा तयार करी. ती मूळ चेहरा शोधत नसे. लहान केला असता असाच दिसेल असा कोणता तरी चेहरा शोधी. म्हणजे मघाच्या सरासरीत बसणाऱ्या अगणित पगारपत्रकांपैकी एक. लोकांनी तिच्यात बराक ओबामांचा फोटो बारीक ठिपक्यांचा करून घातला. ओबामा ओळखू येत होते, डोळे जरा बारीक केले की लहान मूलही ओळखील असे. यंत्राने जो चेहरा बाहेर दिला तो एका गोऱ्या माणसाचा होता! संशोधकांनी स्वतःच सांगितले होते की हे चेहरे काल्पनिक आहेत, अस्तित्वात नसलेल्या माणसांचे आहेत. पण चित्राखाली तसे लिहून येत नाही. ज्याचे नाव सबंध जगाला माहीत, त्याची ही गत. तर ज्याचे नाव हजेरीपटावरही अर्धवट लिहिलेले असते त्याचे काय?

त्याचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. तीन वर्षांपूर्वी आमचे एक यंत्रमाग कामगार वारले. शोकसभेचा फलक करायचा होता, आणि फोटो आधार कार्डावरचा. फलकवाल्या पोराने मनापासून काम केले. चेहरा स्वच्छ, कातडी तुकतुकीत, डोळ्यांत चमक. दुरून पाहिले तर माणूस दहा वर्षांनी तरुण झालेला. सभेआधी त्यांच्या पत्नी आल्या, फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि आम्हांला म्हणाल्या, "दादा, ह्यांच्या भुवईवरची खूण कुठं गेली?"

ती खूण आम्हांला ठाऊक होती. मागाचा धोटा उडून डाव्या भुवईवर बसला होता, सहा टाके पडले होते, आणि त्या दुखापतीच्या भरपाईसाठी दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले होते. मालकाचे म्हणणे, असा अपघात झालाच नाही. यंत्राचे म्हणणेही तेच पडले. कपाळावरची वेडीवाकडी रेघ म्हणजे जुन्या कागदावरचा ओरखडा, असा त्याचा अंदाज. म्हणून त्याने ती पुसून टाकली. कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ज्या गुळगुळीत चेहऱ्यांवर ते शिकले त्यांच्या भुवईवर धोटा कधी पडला नसावा, एवढेच. तो फलक आम्ही उतरविला. कार्डावरचा फोटो होता तसा, वहीच्या पानाएवढाच छापून घेतला, सभेत टेबलावर ठेवला आणि हार घातला. मागच्या रांगेतून तो दिसला नाही. कोणी तक्रार केली नाही.

दुसरा प्रसंग स्मरणिकेचा. जुन्या मोर्चाचा एक फोटो मिळाला, वर्तमानपत्राच्या कात्रणावरून मोबाइलने काढलेला. आधी कात्रणाचे ठिपके, त्यावर मोबाइलचे ठिपके. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की लाटा उमटतात, त्या आपण टी.व्ही.वर चौकड्याच्या शर्टात पाहतो. संपादक मंडळातल्या एका उत्साही तरुणाने तो यंत्रातून काढून आणला. लाटा गेल्या, चेहरे उजळले. पण हातातल्या फलकांवरची अक्षरे पाहतो तो काय, शिरोरेघ आहे, काने आहेत, वेलांट्या आहेत आणि वाचू गेले तर एकही शब्द मराठी नाही. मराठी काय, पृथ्वीवरच्या कोणत्याही भाषेतला नाही! मोर्चा बोनसचा होता की महागाई भत्त्याचा, हेच त्या फोटोत पाहण्यासारखे होते. धुकट कात्रणात भिंग लावून निदान 'भत्ता' एवढे लागत होते. छापखान्यात जन्म गेलेल्या माणसाला खोट्या अक्षरांचा राग जरा जास्तच येतो, हे आम्हांला मान्य आहे.

अक्षरे आणि आकडे ह्यांची गोष्ट चेहऱ्याहूनही नाजूक आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल ह्या जर्मन संगणकतज्ज्ञाला असे आढळले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत नकाशा स्कॅन केला की खोल्यांची मापे बदलतात. १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशा तीन खोल्या, आणि प्रतीत तिन्ही १४.१३! फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवी आणि तोच तुकडा सगळीकडे चिकटवी. सहाचा आठ होई, आणि तो आठ अगदी सुबक, स्पष्ट असे. अंधुक सहा पाहून मनुष्य विचारतो, हा सहा की आठ? सुबक आठ पाहून कोणी विचारीत नाही. कंपनीला पुढे दुरुस्ती द्यावी लागली.

न्यायालयांनाही हा प्रश्न पडला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका खुनाच्या खटल्यात मोबाइलची अंधुक चित्रफीत बचावपक्षाने यंत्राने स्पष्ट करून आणली. तीत मूळच्या सुमारे सोळापट ठिपके होते. पुन्हा तेच सोळा आणे! २०२४ साली न्यायाधीशांनी ती पुराव्यात घेण्यास नकार दिला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची हॅश नावाची ओळखसंख्या लिहावी लागते. एक ठिपका बदलला तरी ही संख्या बदलते. म्हणून कामगार मित्रांना आमचे सांगणे असते: यंत्रात हात सापडला, छत कोसळले, गार्ड काढलेले दिसले आणि फोटो काढलात, तर ज्या मोबाइलने काढला त्यात तो तसाच राहू द्या. उजळवू नका, मोठा करू नका, त्यावर बाण काढू नका. दाखवायला प्रत करा आणि तिच्यावर काय हवे ते करा.

यंत्र वापरूच नका असे आम्ही म्हणत नाही. जत्रेच्या फलकावर आंब्याची पेटी मोठी करायची असेल, पाठीमागे डोंगर आणि ढग हवे असतील, तर खुशाल करा; ढगाने कुणाची साक्ष दिलेली नसते. गणपतीची मूर्ती, मिठाईचे ताट, नव्या दुकानाची पाटी, ह्यांत यंत्राने पंधरा आणे घातले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. माणूस, अक्षर आणि अपघात ह्या तीन ठिकाणी मात्र आमच्या संघटनेने आता शिस्त ठेवली आहे. यंत्राने मोठा केलेला फोटो छापलाच तर त्याखाली तसे लिहायचे, पेंटर सही करीत असे त्याच अर्थाने. आणि शक्यतो न करता भागवायचे.

भागते कसे, ते सांगून आम्ही खाली बसतो. पहिले म्हणजे फोटो ज्याने काढला त्या मूळ माणसाला गाठावे. दहातल्या सात वेळा मोठा फोटो कोणाच्या तरी जुन्या मोबाइलमध्ये झोपलेला असतो. तो मागविताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न मागविता 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा, म्हणजे काटछाट होत नाही. कागदावरचा जुना फोटो असेल तर त्याचा मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा स्कॅन करावा, इंचाला सहाशे ठिपक्यांवर. दीड इंचाच्या पासपोर्ट फोटोचे नऊशे ठिपके होतात आणि पुस्तकात तीन इंच रुंद छापता येतो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोटो सपाट ठेवून वरून सरळ काढावा. एवढ्यानेही लहानच राहिला तर लहानच छापावा. भोवती मोकळी पांढरी जागा सोडली, खाली नाव, गाव, खाते आणि साल नीट छापले, तर दोन इंचांचा धुकट चेहराही पानावर मानाने बसतो. आमच्या स्मरणिकेत मोर्चाचे कात्रण आम्ही तसेच घेतले आहे, अंधुक, तीन इंच रुंद. आणि फलकांवर काय लिहिले होते ते त्या मोर्चात चाललेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून खाली वेगळ्या ओळीत छापले आहे. एकाला 'भत्ता' आठवतो, दुसऱ्याला 'भत्ता व बोनस'. दोन्ही छापले.

ह्या कामासाठी आमच्या कचेरीत आम्ही एक जुना स्कॅनर दुरुस्त करून ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते एक तो सर्वांना मोकळा असतो. युनियनचे सभासद असण्याची अट नाही, आणि पैसे घेत नाही. ज्यांच्या घरी जुने फोटो असतील त्यांनी ते घेऊन यावेत. एकच विनंती: जुन्या अल्बममधला फोटो पानाला चिकटलेला असतो, तो ओढून काढू नये, वरचा पापुद्रा निघून येतो. अल्बमच आणावा. स्कॅन करून लगेच परत देऊ.